धावत्या सावजावरील नेमबाजी

धावत्या सावजावरील नेमबाजी म्हणजे पळणाऱ्या वन्य प्राण्यावर बंदुकीने नेम धरून गोळी झाडणे. शिकारीच्या परंपरेत हा कौशल्याचा भाग मानला जाई. मात्र नेम चुकल्यास प्राणी मरण्याऐवजी जखमी होण्याचा धोका असल्याने त्याला नैतिक मर्यादाही घातल्या गेल्या.

तंत्र
गोळी सावजापर्यंत पोहोचेपर्यंत ते पुढे सरकलेले असते. म्हणून नेम त्याच्या पुढे धरावा लागतो. ताशी ६० किमी वेगाने आडवे धावणारे काळवीट सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. रायफलीच्या गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ८०० मीटर धरल्यास १०० मीटरवर पोहोचण्यास तिला सुमारे ०.१२५ सेकंद लागतो. तेवढ्यात काळवीट सुमारे २.१ मीटर पुढे जाते. खांद्यावर नेम धरल्यास गोळी त्याच्या मागून निघून जाते. अंतर ३० मीटर असल्यास ही चूक सुमारे ०.६ मीटरची होते आणि गोळी पोटात किंवा मागच्या भागात लागू शकते. चाप ओढताना बंदूक फिरवणे थांबले, तरीही नेम मागे पडतो. सावज शिकाऱ्यापासून सरळ दूर पळत असल्यास नेम फारसा पुढे धरावा लागत नाही. परंतु हृदय व फुप्फुसे शरीरामागे झाकली जातात.

नैतिक बाजू
हृदय व फुप्फुसांचा भाग जेमतेम वीतभर असतो. पोटात गोळी लागलेला प्राणी दूरवर पळून तासन्‌तास तडफडू शकतो. त्यामुळे अंतर, सावजाचा वेग आणि स्वतःचा सराव यांबद्दल खात्री नसेल तर बार न काढणे, तसेच जखमी जनावराचा माग काढून त्याच्या यातना संपवणे, ही शिकाऱ्याची कर्तव्ये मानली जातात. लातूर जिल्ह्यातील मुरुड परिसरासारख्या शेतीबहुल भागात माणसांची सुरक्षितताही महत्त्वाची ठरते. रायफलीची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते आणि उभ्या तुरीआड काम करणारी माणसे दिसत नाहीत. हलत्या सावजामागे बंदूक फिरवताना नळीसमोरची दिशाही क्षणोक्षणी बदलते.

कायदा
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात वन्य प्राण्यांची शिकार प्रतिबंधित आहे. काळवीट अनुसूची १ मध्ये असल्याने केवळ पिकांचे नुकसान हे त्याला मारण्याचे कारण ठरू शकत नाही. रानडुकराबाबत पिकांचे नुकसान हे कारण ग्राह्य धरता येते. मात्र त्यासाठी अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक असते. अशा परवानगीने मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता ठरतो. वन्य प्राण्यांमुळे झालेल्या पीकनुकसानीसाठी महाराष्ट्र शासनाची भरपाईची तरतूद आहे.

क्रीडाप्रकार
प्राण्याला इजा न करता हेच कौशल्य हलत्या लक्ष्यावर आजमावता येते. ऑलिंपिकमध्ये १९०८ साली धावत्या हरणाच्या आकृतीवरील नेमबाजीचा समावेश झाला. पुढे १९७२ पासून धावत्या रानडुकराच्या आकृतीवरील स्पर्धा झाली. हलत्या लक्ष्याचा हा प्रकार २००४ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आला.