आगत-अनागतांसाठी वास्तू

आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज मुंबई, ठाणे, पनवेल येथे, तसेच रत्नागिरी शहराच्या नाचणे-कुवारबाव परिसरात स्थिरावले आहेत. कोणी गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस आहे, कोणी जुन्या चाळीच्या पुनर्विकास समितीवर आहे, तर कोणी गावच्या बुद्धविहाराच्या बांधकामासाठी मुंबईत वर्गणी गोळा करतो आहे. इमारत कशी असावी, हा प्रश्न त्यामुळे केवळ वास्तुशास्त्रज्ञांचा आणि ठेकेदारांचा राहिलेला नाही. तो आपल्या सभेत, आपल्या सहीने सुटणारा प्रश्न झाला आहे. म्हणूनच त्याचा थोडा ऐतिहासिक आणि थोडा व्यावहारिक विचार येथे मांडत आहे.

अलीकडे ‘शाश्वत बांधकाम’ हा शब्दप्रयोग सर्वत्र कानी पडतो. बौद्धांना मात्र ‘शाश्वत’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो. जे जे घडविले गेले आहे ते ते अनित्य आहे, ही तर आपली पहिली शिकवण. भिंतीला ओल येणार, सळई गंजणार, नळ गळणार, माणसे म्हातारी होणार आणि नवी जन्माला येणार. जी इमारत हे सारे गृहीत धरून बांधली जाते, जिच्या दुरुस्तीची, पाण्याची आणि सामुदायिक वापराची व्यवस्था पाया खणण्यापूर्वीच ठरलेली असते, तीच खऱ्या अर्थाने टिकते. अनित्यतेचे भान हाच टिकाऊपणाचा पाया आहे.

लेणी काय सांगतात?

विनयपिटकातील चुल्लवग्गात निवासस्थानांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने भिक्खूंसाठी एका दिवसात साठ निवास उभारले, अशी कथा त्यात येते. हे निवास कोणाच्या नावे करावेत, असा प्रश्न त्याने विचारला तेव्हा भगवंतांनी ते आगत आणि अनागत अशा चारही दिशांच्या संघाला द्यावेत, असे सांगितले. आगत म्हणजे आलेले, अनागत म्हणजे अजून यायचे असलेले. इमारतीचा मालक केवळ आज तिच्यात राहणारा नाही, उद्या येणाराही आहे, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या परंपरेने मांडला. सामुदायिक वास्तूची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे.

या विचाराची साक्ष महाराष्ट्राच्या डोंगरांत कोरलेली आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेक लेण्यांजवळ पाण्याची टाकी आहे. शिलालेखांत तिला ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून या पोढ्यांत उतरते. लेण्याच्या दाराशी बसण्यासाठी कट्टा आहे. आज ज्याला पर्जन्यजलसंचय म्हणतात तो तेथे मूळ आराखड्याचाच भाग होता. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथे २९ लेणी आहेत आणि त्यांची सुरुवात बौद्ध लेण्यांपासून झाली, हे आपल्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

नाशिकच्या लेण्यांतील एक शिलालेख तर प्रत्येक विहार कमिटीने आणि सोसायटीने वाचावा असा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे संघाला अर्पण केले. त्याबरोबरच त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम काढायची नव्हती. केवळ व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्खूंची चीवरे आणि इतर खर्च भागवायचा होता. हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून त्याची रीतसर नोंद करण्यात आली. वास्तू, तिच्या वापराचा खर्च आणि जाहीर हिशेब या तिन्हींची तजवीज एकाच दानात झालेली आहे. आपण मात्र कोनशिला बसवतो, उद्घाटनाला मोठा मंडप घालतो आणि पाच वर्षांनी रंगासाठी पुन्हा पावतीपुस्तक छापतो.

चाळीचा धडा

कोकणातला कष्टकरी माणूस गिरण्यांच्या ओढीने मुंबईस गेला आणि तेथे चाळीत राहिला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने मुंबई सुधार मंडळ स्थापन केले. त्या मंडळाने बांधलेल्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या अशाच चाळीत, पहिल्या क्रमांकाच्या इमारतीतील ५० आणि ५१ क्रमांकांच्या दोन खोल्यांत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब दीर्घकाळ राहिले.

पुढे १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. पन्नास हजार खोल्यांची योजना होती, बांधल्या गेल्या सोळा हजारांच्या आसपास. एकूण २०७ इमारती, त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. प्रत्येक इमारतीत चार मजले आणि ऐंशी खोल्या. मधोमध अंधारी वाट, दोन्ही बाजूंना सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि सामायिक शौचालये. सुरुवातीला यांतील कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या, कारण कामगाराला भाडे परवडेल का, गिरणी किती दूर पडेल, खोलीत उजेड येईल का, हे कामगाराला कोणी विचारलेच नव्हते. राहणाऱ्यांना न विचारता बांधलेल्या घरांचे काय होते, याचे हे शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण आहे.

तरीही माणसांनी या काँक्रीटच्या पेट्यांना वस्तीचे रूप दिले. वाटेत अभ्यास झाला, जिन्यात वाचनालय झाले, मोकळ्या जागेत जयंती झाली, वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन झाले. एकट्याच्या खोलीत जे मावत नव्हते ते सामायिक जागेत मावले.

परंतु चाळीचे गोडवे गाताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट विसरू नये. सामायिक जागा असली म्हणजे समता असते असे नाही. बीडीडीत पूर्वास्पृश्यांच्या चाळी बहुधा वेगळ्या असत. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीच्या याच चाळींत दंगल उसळली, तेव्हा इमारतींमधली मोकळी जागा सरहद्दीसारखी झाली होती. ‘समाज’ आणि ‘समुदाय’ हे शब्द गोड वाटतात, पण जातीचा कळप हाही समुदायच असतो. म्हणून सामुदायिक इमारतीला पहिला प्रश्न असा विचारावा की, तिचे दार कोणासाठी बंद आहे?

याउलट उदाहरण परळच्या दामोदर हॉलचे. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत उभारलेली ही वास्तू. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बोलावलेली सभा येथेच भरली, तीतून त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली आणि तिचे कार्यालयही येथेच होते. कोकणच्या कामगारांच्या नाटकमंडळ्यांनीही याच दामोदरमध्ये आपली नाटके केली. घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, परवडेल अशा दरात आणि जात न विचारता मिळणारे एक सभागृह काय घडवू शकते, हे यावरून समजावे.

मनोऱ्यातील नवे घर

आता बीडीडी चाळींचा पुनर्विकास होत आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे स्वतःच्या मालकीचे घर आणि घरात स्वतःचे शौचालय, हा न्याय आहे. पहाटे बादली घेऊन रांगेत उभे राहिलेल्या स्त्रियांना चाळसंस्कृतीच्या आठवणींपेक्षा तो कितीतरी मोलाचा वाटतो आणि ते योग्यच आहे.

प्रश्न पुढचा आहे. चाळीस मजली इमारतीत उद्वाहन आणि पाण्याचे पंप अखंड चालावे लागतात. त्यांचे वीजबिल आणि दुरुस्ती निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबाला झेपेल का? विसाव्या मजल्यावरची म्हातारी आई दिवसभर कोणाशी बोलेल? पुनर्वसनाच्या सगळ्याच इमारती सारख्या नसतात. मानखुर्द-गोवंडी भागातील काही पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये अवघे तीन मीटर अंतर ठेवले गेले. तेथील खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही आणि क्षयरोगाचे प्रमाण वरच्या मजल्यांपेक्षा अधिक आहे, असे अभ्यासकांना आढळले. घर पक्के मिळाले, पण श्वास मिळाला नाही.

दुसरी वाटही आहे. नवी मुंबईत बेलापूर येथे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बुटक्या घरांची एक वसाहत रचली. सुमारे सात घरे एका लहान अंगणाभोवती, आणि अशी काही अंगणे एका मोठ्या अंगणाभोवती. शेजाऱ्याशी सामायिक भिंत नसल्यामुळे प्रत्येक कुटुंबाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता येते. जमीन महाग असलेल्या परळ-वरळीत हे जसेच्या तसे शक्य नाही. परंतु प्रत्येक पाच-सहा मजल्यांमागे एक मोकळी पडवी, तळमजल्यावर वाचनालय आणि पाळणाघर, मुलांना घरातून दिसेल असे खेळायचे अंगण, या गोष्टी उंच इमारतीतही मागता येतात. त्या नकाशा मंजूर होण्यापूर्वी मागाव्या लागतात, चावी हाती आल्यावर नव्हे.

कोकणच्या हवेत

रत्नागिरीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात टंचाईची झळ बसते. साधे गणित करावे. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर पाणी. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला तरी दोन लाख चाळीस हजार लिटर उरते. हे सारे साठवता येणार नाही, पण एक भूमिगत टाकी भरून उरलेले विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडता येते. प्रत्येक विहाराला आणि वसतिगृहाला आपली पोढी हवी.

दुसरी बाब साहित्याची. सपाट स्लॅबची फॅशन कोकणात आली, पण येथील पाऊस आणि समुद्राची खारी हवा तिला मानवत नाही. पाणी मुरते, खाऱ्या हवेने सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. मग त्याच स्लॅबवर पत्र्याची शेड चढते, म्हणजे एका इमारतीला दोन छपरांचा खर्च. आपला जांभा खाणीत ओलसर असताना सहज कापला जातो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. ब्रह्मदेशाचा पदच्युत बौद्ध राजा थिबा याच्यासाठी १९१० मध्ये पूर्ण झालेला राजवाडा उतरते छप्पर आणि आतला चौक घेऊन आजही उभा आहे. केरळात आपल्यासारख्याच पावसात लॉरी बेकर यांनी स्थानिक साहित्याची स्वस्त आणि हवेशीर घरे बांधली. विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची त्यांची पद्धत सुमारे पाव हिस्सा विटा वाचवते आणि घर थंड ठेवते. चिऱ्याच्या भिंती, उतरते छप्पर, रुंद पडवी आणि समोरासमोर खिडक्या हे मागासलेपणाचे लक्षण नाही. जेथे काँक्रीट आवश्यक आहे तेथे ते जरूर वापरावे, मात्र सळईवरचे आवरण पुरेसे ठेवून आणि जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली.

पाया खणण्यापूर्वी

आपल्या वस्तीत विहार, सभागृह, वसतिगृह किंवा नवी इमारत उभारायची ठरली, तर ठेकेदाराला बोलावण्यापूर्वी एक सभा घ्यावी आणि तिला स्त्रिया, तरुण व वृद्ध यांना आवर्जून बोलवावे. ही वास्तू वंदनेनंतर उरलेल्या दिवसांत कोण वापरणार? अभ्यासिका, शिवणवर्ग, आरोग्य तपासणी यांसाठी ती खुली राहील का? चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आत येऊ शकेल का? स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का? शेजारच्या अन्य समाजाच्या मुलालाही वाचनालयात बसता येईल का? दिवसा दिवा न लावता वाचता येईल का? आणि जमलेल्या निधीतून कोणता हिस्सा उषवदाताप्रमाणे कायम ठेव म्हणून बाजूला राहील? या प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवून मगच नकाशा काढावा. दरवर्षी एका जाहीर सभेत हिशेब वाचून दाखवावा.

बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले. त्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि बाबासाहेबांनी तिच्या बांधकामात जातीने लक्ष घातले. तेथे शिकणाऱ्या हजारो मुलांना त्यांनी कधी पाहिले नव्हते. ती मुले अनागत होती. आपल्या निवासी शाळेच्या खोल्यांत राहून गेलेले आपण सारेही कोणाच्या तरी लेखी एकेकाळी अनागतच होतो. ज्यांनी वर्गणी दिली, चिरे वाहिले, पाणी भरले, त्यांना आपली नावे ठाऊक नव्हती. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत पुढची वीट रचताना हे ऋण ध्यानात ठेवावे, एवढीच अपेक्षा.

नमो बुद्धाय. जय भीम.