दमट डब्यात काय भरावं?

पाळीव पाली : लेखांक ७

गेल्या आठवड्यात लेपर्ड गेकोच्या पेटीतली ऊब पाहिली. एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला खोलीइतकं तापमान. आज त्याच पेटीतल्या एका लहानशा वस्तूविषयी, म्हणजे दमट डब्याविषयी.

ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. मग तिला ओल कशाला? कारण ती दिवस उन्हात काढतच नाही. दगडांच्या फटीत, बिळात खोल जाऊन बसते आणि तिथली हवा वरच्या हवेपेक्षा बरीच दमट असते. आपण पेटीत वरचं रान उभं करतो आणि बीळ विसरतो. त्याची किंमत कात टाकताना मोजावी लागते. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये पातळ द्रव सुटतो, त्यानं वरचा थर मोकळा होतो. हवा फार कोरडी असली की हा थर सुटण्याआधीच वाळतो. अंगावरची कात पाल तोंडानं ओढून खाऊन टाकते; बोटांवरची तशीच राहते, आवळत जाते, रक्त पोचेनासं होतं आणि शेवटी बोट गळून पडतं.

यावर उपाय साधा आहे. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, पाल सहज शिरेल एवढं भोक पाडून त्याच्या कडा घासाव्यात, आत ओल धरणारं काहीतरी भरावं आणि डबा उबेच्या बाजूला ठेवावा. खरा प्रश्न ‘काहीतरी’ म्हणजे काय, हा आहे.

पदार्थ किती पाणी पितो यावर लोक निवड करतात. पाहायचं असतं ते तो पाणी कसं सोडतो. ओल हवेत हळूहळू जायला हवी, पालीच्या पोटाला पाणी लागता कामा नये. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायका तेंदूची पानं भिजवून, निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवतात. पान कातरताना चिरू नये इतकं मऊ पडावं, पण बुरशी धरण्याइतकं चिंब नको. डब्यातली ओलही याच मापाची हवी.

या कसोटीवर पहिला नंबर स्फॅग्नम शेवाळाचा. ऑर्किड लावणाऱ्यांकडे ते वाळलेलं मिळतं. त्याच्या पानात मेलेल्या, पोकळ, छिद्रांच्या पेशी असतात. कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी त्यांत मावतं. शिवाय ते आम्लधर्मी असल्यामुळे लवकर कुजत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जखमा बांधायला ते वापरलं गेलं, ते याच दोन गुणांमुळे. भिजवून मुठीत घट्ट पिळा. थेंब गळायचा थांबला की डब्यात सैल पसरा.

दुसरा पर्याय कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. आपल्या पट्ट्यात ऊस रोपवाटिका झाल्यापासून ते गावोगाव मिळतं. मात्र रोपांच्या ट्रेसाठी तयार केलेल्या मिश्रणात खत किंवा बुरशीनाशक असू शकतं, म्हणून साधी वीटच मागावी. नारळाच्या सोडणात क्षार असतात, तेव्हा भिजवून दोन-तीन पाण्यांनी धुवावं. सुकलं की त्याची धूळ डोळ्यांत, नाकपुड्यांत जाते. त्यामुळे ते कोरडं पडू देऊ नये. पिल्लू किंवा आजारी पाल असेल तर पांढरा टिश्यू पेपरच बरा. तो लवकर वाळतो, रोज बदलावा लागतो. पण विष्ठा लगेच दिसते आणि पोटात काही जायची भीती कमी.

आता घरात फुकट मिळणाऱ्या गोष्टी. उसाच्या चोयट्यात साखरेचा अंश राहतो. ओल आणि ऊब मिळताच ते आंबतं. नदीकाठची काळी माती पाणी धरते, पण चिखल होऊन हवा कोंडते. गोणपाटाच्या सुट्या धाग्यांत बोटं अडकतात. आणि तंबाखूच्या वखारीतलं गोणपाट तर दारातही आणू नये. निकोटीन विषारी आहे, पाण्यात विरघळतं आणि कातडीतून शरीरात जातं. ओला तंबाखू हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर येते ती त्यामुळेच.

पाण्याचाही विचार हवा. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर ते उडून जातं आणि शेवाळावर पांढरी खपली उरते. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरावं. डब्यात आर्द्रता ७० ते ८० टक्के आणि बाकी पेटीत ३० ते ४० टक्के असावी. साधा आर्द्रतामापक पुरतो. मार्च ते मे डबा एका दिवसात सुकतो, तेव्हा रोज हात लावून पाहावं. पावसाळ्यात दूधगंगेकाठची हवा आपणच ओली असते. तेव्हा पाणी कमी आणि शेवाळ लवकर बदलायचं. कुबट वास आला की पदार्थ टाकून डबा धुऊन उन्हात वाळवावा.

एवढं करूनही बोटांवर कात राहिलीच तर ओढू नये. पावलं बुडतील एवढ्या कोमट पाण्यात पालीला दहा-पंधरा मिनिटं ठेवावं, मग ओल्या कापूसकाडीनं कात हलकेच सोडवावी. तरी सुटली नाही किंवा बोट सुजलं तर पशुवैद्य गाठावा.

शेतात दिसणारी रानपाल मात्र या डब्यासाठी उचलून आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या याद्या २०२२ च्या दुरुस्तीनं बदलल्या. त्यामुळे पाल विकत घेण्याआधीही वनखात्याकडे चौकशी करावी आणि कागद मागून घ्यावेत.

पुढच्या आठवड्यात : जिवंत किडे खाऊ घालताना कॅल्शियम किती आणि कधी.