दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरत नाही

बॉनेट उघडताना : भाग ९

गेल्या भागात अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा पाहिला. गाडी चालू असताना वीज तयार करणं हे त्याचं काम. ती वीज साठवणाऱ्या बॅटरीबद्दल आज लिहितो आहे. माझं ठाम मत आधीच सांगतो: आपल्या शहरांतल्या पुष्कळ बॅटऱ्या वय झालं म्हणून जात नाहीत, त्या महिनोन्‌महिने अर्धपोटी राहून जातात. आणि हे टाळता येतं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. गाडी व्यवस्थित झाकून ठेवतात, बाहेर क्वचितच काढतात. परवा त्यांनी विचारलं, ‘‘अहो, दर रविवारी न चुकता दहा मिनिटं चालू ठेवतो मी. तरी दोन वर्षांत बॅटरी बसली कशी?’’ हा प्रश्न इतक्या घरांत आहे, की त्याचा हिशेब मांडूनच पुढे जाऊ.

लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गाडी कुलूप लावून उभी असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट पाहणारं कुलूप आणि इंजिनचा कॉम्प्युटर थोडी थोडी वीज घेतच असतात. ती ३० मिलिअँपिअर धरू. आठवड्याचे तास १६८, म्हणजे सुमारे ५ अँपिअर-तास गेले. सेल्फ मारताना दीडशे-दोनशे अँपिअर लागतात खरे, पण दोन-तीन सेकंदच. त्यात जेमतेम ०.१ ते ०.१५ अँपिअर-तास खर्च होतात. बॅटरी सेल्फमुळे उतरते हा समज म्हणून चुकीचा आहे. खरी गळती उभ्या गाडीत होते.

आता जमेची बाजू. आयडलिंगला इंजिन संथ फिरतं, अल्टरनेटरही संथ. बॅटरी त्या वेळी १०-१२ अँपिअर घेत असेल असं धरलं तर दहा मिनिटांत २ अँपिअर-तास आत गेले. त्यातलेही काही उष्णतेत वाया. म्हणजे दर रविवारी तीनेक अँपिअर-तासांची तूट. हिशेब ढोबळ आहे, गाडीगणिक आकडे बदलतील, पण दिशा हीच. दीड-दोन महिन्यांत बॅटरी अर्ध्यावर येते आणि मालकाला वाटतं आपण काळजी घेतोय.

मग अर्धा तास चालू ठेवली तर? थोडा फरक पडेल, पुरेसा नाही. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी असताना वीज झपाट्याने घेते, भरत आली की हात आखडते. रिकाम्या एसटीत पहिले प्रवासी भराभर चढतात आणि शेवटच्यांना जागा शोधत आत सरकावं लागतं, तसं. शेवटचे वीस टक्के भरायला काही तास जातात, आणि नेमका तो भाग शहरातल्या छोट्या फेऱ्यांत कधीच भरला जात नाही. मुलांना शाळेत सोडणं, मंडई, परत घर. वर एसीचा पंखा, दिवे, पावसाळ्यात वायपर आणि मागच्या काचेचा हीटर. हायवेवरचा दीड-दोन तासांचा सलग प्रवास मात्र तिला मानवतो.

अर्धी भरलेली बॅटरी तशीच राहिली तर काय बिघडतं? आत शिशाच्या प्लेटा आहेत, त्यांच्यामध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल. १८५९ मध्ये गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही बॅटरी तयार केली. मूळ रसायन आजही तेच आहे. वीज बाहेर जाते तेव्हा आम्लातलं सल्फेट प्लेटांवर बसतं, आत येते तेव्हा ते पुन्हा आम्लात उतरतं. ताजं असताना ते बारीक कणांचं असतं आणि सहज सुटतं. आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की त्याचे मोठे, कठीण स्फटिक होतात आणि प्लेटांचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. नंतर कितीही चार्ज करा, तो भाग परत येत नाही.

म्हणून मोजायला शिका. साधा डिजिटल मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि घरात इतरही कामांना येतो. मोजण्याची वेळ महत्त्वाची. गाडी चालवून आल्याबरोबर मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो. प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज अजून आत मुरलेला नसतो. रात्रभर उभी राहू द्या. सकाळी बॉनेटची कळ ओढा, दार बंद करा, कुलूप लावा आणि अर्धा तास थांबा, कारण दार उघडल्याबरोबर गाडीतले सगळे कॉम्प्युटर जागे होतात. मग मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक प्लसला, काळं मायनसला. टोक शिशाच्या खुंट्यावर टेका, वरच्या क्लॅम्पवर नको.

१२.६ किंवा त्याहून थोडं अधिक आलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पावच उरली आहे. पूर्ण भरलेली आणि निम्मी रिकामी यांत अर्ध्या व्होल्टाचाही फरक नसतो. ‘बारा व्होल्ट दाखवतंय, म्हणजे ठीक आहे’ हे वाक्य आपण गॅरेजमध्ये किती वेळा ऐकतो! बारा दाखवणारी बॅटरी जवळजवळ रिकामी असते. १२.४ च्या खाली आकडा गेला, की चार्जर लावायची वेळ झाली. सिग्नलला इंजिन आपोआप थांबवणाऱ्या काही गाड्यांतल्या एजीएम प्रकारच्या बॅटरीचा भरलेला आकडा १२.८ च्या पुढे असतो, एवढं लक्षात ठेवा.

मीटर तसाच लावून घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा झपकन खाली येईल, १०-११ च्या आसपास थबकेल आणि इंजिन लागलं की वर उसळेल. भरलेल्या बॅटरीचा आकडा या वेळी ९.६ च्या खाली जात असेल तर ती आतून दमली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळून मरेल, लगेच दाखवा. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर मधूनमधून मुद्दाम कमी वीज देतो, तेव्हा १२.८ दिसलं तरी घाबरू नका.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरसारखं दुसरं साधन नाही. काचेची नळी, आत तरंगणारा काटा, वर रबरी फुगा. एकेका सेलमधलं आम्ल ओढायचं आणि काटा किती वर तरंगतो ते पाहायचं. भरलेल्या बॅटरीत आम्लाची घनता १.२४० ते १.२८० च्या दरम्यान येते. उष्ण प्रदेशासाठी आम्ल थोडं सौम्य भरतात म्हणून एवढी तफावत. मला आकड्यापेक्षा सहा सेलमधला फरक मोलाचा वाटतो. पाच सेल १.२५० दाखवतात आणि एक १.१८० वर बसलाय, तर ‘एक सेल गेलाय’ असं मिस्त्री म्हणतो ते हेच. अशा बॅटरीवर चार्जिंगचे पैसे घालू नका. काही बंद बॅटऱ्यांवर हिरवा ठिपका असतो तो एकाच सेलचं सांगतो. बाकीच्या पाचांबद्दल तो मुका.

नियमित चालणाऱ्या गाडीचीही बॅटरी उतरत असेल तर गळती शोधा. मायनसची तार सोडवून मीटर अँपिअरवर ठेवून मध्ये जोडा. गाडी शांत झोपायला पाऊण तास द्या. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. जास्त येत असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल त्या वाटेवर चोर आहे. बहुतेकदा तो बाहेरून बसवलेल्या वस्तूंत सापडतो: डॅशकॅम, ट्रॅकर, नंतर घातलेली म्युझिक सिस्टिम. पार्किंगमध्येही चित्रण करणारा डॅशकॅम पाव अँपिअर घेत असेल तर दिवसाला ६ अँपिअर-तास गेले. तीन दिवसांत ३५ ची बॅटरी निम्म्यावर.

चार्जर घेताना आपोआप थांबणारा घ्या. प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा पुरे. ३५ ला ३.५ अँपिअर. रात्रभर लावा. पार्किंगमध्ये प्लग नसतो ही बहुतेक सोसायट्यांची खरी अडचण, म्हणून दहा-एक किलोची बॅटरी काढून वर न्यावी लागते. दहाचा पाना बहुधा पुरतो. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. हा क्रम पाळला तर पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. चार्जिंग बाल्कनीत करा, स्वयंपाकघरात नको. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि तो पेट घेतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनस काढून ठेवणं हा फुकटचा उपाय आहे, आणि तो मी सगळ्यात आधी सुचवतो.

खुंट्यांवरचा पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, क्लॅम्प घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. झाकणाच्या बॅटरीत पाणी घालायचं ते फक्त डिस्टिल्ड. आरओचं नाही, एसीतून ठिबकणारंही नाही.

उन्हाबद्दल वेगळं सांगायला हवं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या गंजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बॉनेटखाली काय असेल ते ओळखा. सावलीतली जागा मिळवण्यासाठी जरा लांब चालावं लागलं तरी चालेल. बॅटरी खराब होते उन्हाळ्यात, उघडकीला येते पुढच्या पावसात किंवा थंडीत. टोरांटो किंवा शिकागोत राहणाऱ्या वाचकांचा प्रश्न उलटा: उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्याच्या इतकं जवळ गेलेलं असतं, की ते गोठतं. गोठलेली बॅटरी चार्ज करू नये, जंपरही लावू नये.

जंपर लावायचाच झाला तर लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती हायड्रोजनपाशी पडू नये. गाडी लागली म्हणजे बॅटरी भरली असं समजून सोडून देऊ नका. त्याच रात्री चार्जर लावा.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हा भाग वगळू नये. तुमच्या गाडीतही बहुधा एक वेगळी १२ व्होल्टची बॅटरी आहे. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे स्विच तिच्याच विजेवर चालतात.

नवी बॅटरी घेताना निर्मितीचा महिना पाहा, दुकानात वर्षभर पडून राहिलेली नको, आणि मीटर सोबत न्या. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्या. तो तिची किंमत वजा करतो आणि तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरलं जातं. भंगारवाल्याने ती फोडून आम्ल गटारात ओतलं तर ते कुणाच्या तरी विहिरीपर्यंत जाऊ शकतं.

पुढच्या भागात फ्यूज बॉक्स उघडू. झाकणाच्या आतल्या बाजूचा नकाशा तोवर एकदा वाचून ठेवा.