माहिती चौकट: रूढी, न्याय आणि कोल्हापूर

वेदोक्त प्रकरण : 1899 मध्ये पंचगंगेच्या घाटावर कोल्हापूरच्या राजघराण्याच्या स्नानावेळी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले गेल्याचे उघड झाले. कारण एकच : छत्रपती शाहू महाराज शूद्र आहेत, म्हणून त्यांना वेदमंत्रांचा अधिकार नाही, ही पुरोहितांची धारणा. गादीवरचा राजाही जातीच्या उतरंडीतून सुटला नव्हता.

26 जुलै 1902 : शाहू महाराजांचा जाहीरनामा. संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखीव. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून सारे ‘मागासलेले’. म्हणजे मुसलमान, जैन, लिंगायतही त्यात आले.

पुढची पावले
• 1917 : सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा; विधवा पुनर्विवाहाला कायदेशीर मान्यता.
• 1918 : महार वतन रद्द. वतनाच्या जमिनीसोबत येणारी वेठबिगारी हे त्यामागचे कारण.
• 1919 : शाळा, दवाखाने, पाणवठ्यांवर अस्पृश्यता पाळण्यास बंदी. अस्पृश्य समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा घेत. हुकूम कागदावर राहू नये म्हणून हे महत्त्वाचे.
• 21-22 मार्च 1920 : अस्पृश्यांची माणगाव परिषद. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

फरक लक्षात घ्या : अस्पृश्यता भारतीय संविधानाच्या कलम 17 ने नष्ट केली. जातपंचायतीने टाकलेला बहिष्कार मात्र महाराष्ट्रात 2016 च्या वेगळ्या कायद्याने गुन्हा ठरला. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद.

मे 2022 : कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीचा ठराव. पतीनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले.