दमेकऱ्याने वजन कसे उतरवावे?

मोरजीतील आमच्या ओळखीच्या एका बाईंची ही अडचण. वय पन्नाशीच्या आसपास, वजन ऐंशी किलो, आणि लहानपणापासून दमा. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, रोज चाला." शेजारीण म्हणाली, "तुला दमा आहे, जास्त चालू नको, जीव जाईल." बाईंनी शेजारणीचे ऐकले. तसे करणारे आपल्या पेडणे तालुक्यात घरोघर सापडतील, कारण दगदग केली की धाप लागते हे दमेकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. मग तो बसून राहतो, बसून राहिल्याने वजन वाढते, आणि वाढलेल्या वजनाने धाप आणखी लागते.

पोटावर चरबी चढली म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ढकलला जातो. फुप्फुस पुरते फुलत नाही, श्वास उथळ होतो आणि बारीक श्वासनळ्या लवकर मिटतात. लठ्ठ माणसाला दम्याची औषधेही थोडी कमीच लागू पडतात. मात्र सडपातळ होण्याची गरज नाही. आपल्या वजनाच्या शंभरात पाच ते दहा भाग कमी झाले तरी दमा ताब्यात येऊ लागतो. ऐंशी किलोच्या माणसाला म्हणजे चार ते आठ किलो.

आता व्यायामाने दमा उसळतो तो का, हे समजून घेऊ. एरवी आपण नाकाने श्वास घेतो आणि नाक हवा गाळून, ऊन आणि ओली करून आत सोडते. धापा टाकू लागलो की तोंडाने श्वास सुरू होतो. कोरडी, थंड हवा थेट नळ्यांत जाते, नळ्यांचे अस्तर सुकते आणि भोवतालचे स्नायू आवळले जातात. गंमत अशी की हा त्रास पुष्कळदा काम चालू असताना न होता काम थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत जोर करतो, आणि अर्ध्या ते एका तासात बहुधा उतरतो. त्यामुळे कोपरा नांगरून बांधावर टेकलेला माणूस अचानक खोकू लागतो तेव्हा त्याला वाटते, पाणी गार प्यालो म्हणून झाले.

यावर पहिला उपाय म्हणजे सुरुवात संथ करणे. दहा-पंधरा मिनिटे रमतगमत चालावे, मग वेग वाढवावा, आणि शेवटची दहा मिनिटे पुन्हा वेग उतरवीत आणावा. एकदम थांबू नये. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढाच वेग पुरे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवीत अर्ध्या-पाऊण तासावर यावे. आठवड्यातून पाच दिवस जमले तर उत्तम.

चालायचे कुठे आणि केव्हा? येथे मोरजीकरांना देवाने मैदानच दिले आहे, पण ते वापरण्याची रीत आहे. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू चालायला सोयीची. वरच्या सुक्या, भुसभुशीत वाळूत घट्ट जमिनीच्या जवळजवळ दुप्पट जोर लागतो. दमेकऱ्याने तिथे आपली परीक्षा घेऊ नये. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे रापणकारांना सांगायला नको.

पहाटेच चालावे असे सगळे सांगतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि थंडीच्या दिवसांत अंगणात जाळलेल्या पाल्याचा, चुलीचा धूर दवाबरोबर जमिनीलगत साचून राहतो. दुपारनंतर वारा फिरतो आणि समुद्रावरची स्वच्छ, ओलसर हवा किनाऱ्याला येते. ज्यांना धुराने त्रास होतो त्यांनी चार-साडेचारनंतरची वेळ धरून पाहावी. तेंबवाड्याकडे मात्र कासवांच्या हंगामात काळोख पडायच्या आत परतावे. अंडी घालायला येणाऱ्या मादीला बॅटरीचा उजेड आणि सोबतचा कुत्रा दोन्ही चालत नाहीत. पोहणे दमेकऱ्याला मानवते, कारण पाण्यावरची हवा ओली असते, पण शापोरा नदीच्या मुखाशी ओढ फार, तिथे कोणी हौस करू नये.

पावसाळ्यात घरातच पायरी चढ-उतर करावी, किंवा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करावी. भिंतीला बुरशी आलेल्या खोलीत नको.

शेतकाम हाही व्यायामच, पण मळणीची धूळ, बुरशी धरलेले गवत, काजूबिया भाजल्याचा धूर हे दम्याचे वैरी आहेत. हे काम शक्यतो दुसऱ्याकडे द्यावे. न जमल्यास नाका-तोंडावर चांगला मास्क लावून वाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे. देवळात धुपाने खोकला येत असेल तर खिडकीजवळचा बाक धरावा, त्यात लाज नाही.

आता पंपाविषयी. "पंपाची सवय लागते" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा कंटाळा आला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने उसळणारा दमा होता, आणि या ६७ जणांनी मिळून ४१ पदके आणली. ही मंडळी औषध टाळून नव्हे, घेऊन धावली. पंप दोन प्रकारचे असतात. एक नळ्या तात्काळ मोकळ्या करतो. डॉक्टरांनी सांगितले असेल तर तो चालण्याआधी दहा-पंधरा मिनिटे घ्यावा आणि खिशात ठेवावा, घरी कपाटात नव्हे. दुसरा रोजचा, आतली सूज उतरवणारा. खरा दमा ताब्यात ठेवतो तो दुसरा, आणि लोक बंद करतात तोच, कारण त्याने लगेच काही वाटत नाही. तो घेतल्यावर चूळ भरावी. तात्काळ आरामाचा पंप आठवड्यात दोनदापेक्षा अधिक लागत असेल तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

काहींना भीती असते की पंपातील स्टेरॉइडने वजन वाढेल. गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर भूक आणि वजन वाढते, हे खरे. पंपातून जाणारी मात्रा त्या मानाने फार थोडी असते. कुठूनतरी आणलेल्या बेनामी पुडीने दमा जादूने थांबला तर तिच्यात स्टेरॉइड असण्याचा संशय धरावा. आणि रक्तदाबासाठी वा डोळ्यांत घालायला औषध लिहून देताना दमा असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यातली काही औषधे नळ्या आवळतात.

नुसत्या चालण्याने वजन फारसे उतरत नाही, हेही सांगून टाकतो. ऐंशी किलोच्या माणसाचे तासभर चालून अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात. खोबरेल तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सव्वाशे कॅलरी. पेज ठेवा, नुस्ते ठेवा, वाटणातले खोबरे आणि दुसऱ्यांदा वाढलेला भात निम्मा करा. चोरीस आणि फेणी सणाला.

पंप नीट ओढता येत नसेल तर मधे नळकांडे लावतात. ते महाग वाटले तर अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली चालते: बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून पंप घट्ट बसवावा, बाटलीचे तोंड आपल्या तोंडात धरावे. केप टाउनच्या डॉ. हेदर झार यांनी १९९९ साली मुलांवर पडताळून दाखवले की ही बाटली विकतच्या नळकांड्याइतकीच काम देते. धाप वाढली तर बसावे, बाटलीतून एकेक करून चार दाब घ्यावेत, दर दाबाला चार श्वास. चार मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा चार. वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत दाब चालू ठेवावेत.

त्या बाई आता चालतात. परवा भेटल्या तेव्हा पदराच्या गाठीत पंप होता, आणि शेजारीणही सोबत होती.