मजा गेली, तरी राज्य माझ्यावरच!

दोस्तांनो, डोळ्यांसमोर एक गाय आणा. संगणकाच्या पडद्यावर हिरवं कुरण आहे आणि त्यात ती उभी आहे. तिच्यावर एक टिचकी मारायची. गाय हंबरते, तुमच्या नावावर एक टिचकी जमा होते आणि संपलं! पुढचे सहा तास काहीही करायचं नाही. सहा तासांनी परत यायचं आणि पुन्हा एक टिचकी मारायची.

‘छे, हा काय खेळ झाला?’ असं तुम्ही म्हणाल. गंमत म्हणजे खेळ बनवणाऱ्यालाही अगदी हेच म्हणायचं होतं! त्यांचं नाव इयान बोगोस्ट. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जॉर्जिया टेक ही नावाजलेली संस्था आहे, तिथे ते प्राध्यापक होते. त्या काळात फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ या खेळाचं वेड पसरलं होतं. जून २००९ मध्ये तो सुरू झाला आणि २०१० च्या सुरुवातीला महिन्याला आठ कोटींहून जास्त माणसं तो खेळत होती. (त्यात तुमच्याएवढी मुलं थोडी आणि कामाला जाणारी मोठी माणसंच पुष्कळ, हे आईबाबांनी लक्षात ठेवावं!) शेतात बी पेरायचं आणि पीक तयार झालं की कापायला यायचं. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार. वेळेवर आला नाहीत तर पीक सुकून जायचं. मग काय, लोक ऑफिसात, जेवताना, झोपेतून उठूनसुद्धा शेताकडे धावत.

बोगोस्ट यांना वाटलं, या प्रकाराची मस्त थट्टा करावी. खेळातून मजेचा अंश काढून टाकला तर मागे काय उरतं, ते लोकांना दाखवावं. म्हणून जुलै २०१० मध्ये त्यांनी ‘काउ क्लिकर’ हा खेळ फेसबुकवर ठेवला. लोक हसतील आणि विसरून जातील, असा त्यांचा अंदाज होता.

झालं भलतंच. पन्नास हजारांहून जास्त माणसं मन लावून गाईवर टिचक्या मारू लागली! काहीजण वेगळ्या रंगारूपाच्या गाई विकत घेऊ लागले. शेवटी बोगोस्टच कंटाळले. ७ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी खेळातल्या सगळ्या गाई गायब करून टाकल्या. कुरणात फक्त गाय उभी असायची ती मोकळी जागा उरली.

तरीही काहीजण त्या मोकळ्या जागेवर टिचक्या मारत राहिले.

हसू आलं ना? येऊ द्या. पण आता जरा स्वतःकडे पाहा. शाळेतून आलात, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि हात आपोआप मोबाइलकडे गेला. खेळ उघडला, रोजचं बक्षीस घेतलं, तीच लढाई तिसऱ्यांदा लढलात. मध्येच ‘काय बोअर आहे यार!’ असंही पुटपुटलात. आणि तरी पुढचा डाव सुरू केलात. असं होत असेल, तर तुमच्या कुरणातलीही गाय केव्हाच गेलेली आहे.

एक सांगून टाकतो. मोबाइलवरचा खेळ खेळणं हा काही गुन्हा नाही. ज्यात मजा येते तो खेळ वेळेचं भान ठेवून जरूर खेळा. इथे बोलतो आहोत ते मजा संपली तरी न सुटणाऱ्या खेळाबद्दल. त्याची गोष्ट निराळी आहे.

आपले जुने खेळ आठवून पाहा. सापशिडीत शंभरावं घर असतं. लपाछपीत कुणी दमलं की ‘टाइम प्लीज’ म्हणून बाजूला होतं. क्रिकेट रंगात आलं तरी अंधार पडला की चेंडू दिसेनासा होतो आणि गॅलरीतून हाक येतेच, ‘अरे, दिवेलागण झाली, आता वर या!’ म्हणजे खेळाला शेवट असतो. ऑनलाइन खेळांत पुष्कळदा शंभरावं घरच नसतं. शंभरावर पोचलात की दोनशे घरांचा नवा पट समोर येतो. तुम्ही थांबलात की कंपनीची कमाई थांबते, मग ती तुम्हाला ‘वर या’ अशी हाक कशाला मारेल? उलट रात्री नऊ वाजता ‘तुझं सैन्य वाट पाहतंय’ असा निरोप तीच धाडते.

उंदीर आणि एक शनिवार

पण कंटाळा आला तरी आपण थांबत का नाही? याचं एक उत्तर फार जुन्या प्रयोगात आहे. बी. एफ. स्किनर हे अमेरिकेतले मोठे मानसशास्त्रज्ञ. ते एका पेटीत उंदीर ठेवत. पेटीत एक दांडी असे. उंदराने ती दाबली की खाऊची छोटी गोळी बाहेर येई. या गोळ्या स्किनर यांना स्वतःच यंत्रावर पाडाव्या लागत. एका शनिवारी दुपारी त्यांनी हिशेब केला, तेव्हा असलेल्या गोळ्या सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत संपणार असं दिसलं. आता सुट्टीची छान दुपार गोळ्या पाडण्यात घालवायची? त्यांना आला कंटाळा. त्यांनी ठरवलं, दर वेळी गोळी द्यायचीच कशाला? मिनिटाला एकदाच देऊ.

उंदरांनी दांडी दाबणं सोडलं का? मुळीच नाही! पुढे स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवर असे ढीगभर प्रयोग केले आणि १९५७ मध्ये त्यांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. बक्षीस कितव्या खेपेला मिळेल याचा काहीच नेम नसला, की प्राणी सगळ्यांत चिकाटीने टोचा मारत राहतो. बक्षीस अगदी बंद झालं, तरी बराच वेळ तो थांबत नाही.

आता तुमच्या खेळातली ‘सरप्राइझ’ पेटी आठवा. कधी चार नाणी, कधी काहीच नाही आणि एखाद्या दिवशी चकाकती तलवार! ही तलवार रोज मिळाली असती तर तुम्ही आठवड्यात खेळ सोडून दिला असता.

आणखी एक प्रयोग ऐका, तो जरा चमत्कारिक आहे. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये काही उंदरांच्या मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन जवळजवळ नाहीसं केलं. हे उंदीर समोर खाणं ठेवलं तरी खायला जाईनात. सगळ्यांना वाटलं, यांना आता खाणं आवडतच नाही. पण साखरेचं पाणी थेट तोंडात सोडलं, तर ते पूर्वीसारखेच जिभल्या चाटत! म्हणजे आवड शाबूत होती, ओढ मात्र गेली होती. आवडणं आणि हवंसं वाटणं ही मेंदूतली दोन वेगवेगळी कामं आहेत. मग याच्या उलटही होऊ शकतं, नाही का? आवड संपते आणि ओढ तेवढी मागे राहते. तुम्ही म्हणता ना, ‘आवडत नाही, पण खेळावंसं वाटतं’, ते काही खोटं नसतं.

राहिला प्रश्न ‘आतापर्यंत केलेलं सगळं वाया जाईल’ या भीतीचा. मला विचाराल तर सगळ्यांत पक्की गाठ हीच. हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लुमर या दोघांनी १९८५ मध्ये एक मजेदार प्रयोग छापला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात संपूर्ण हंगामाची तिकिटं काढायला आलेल्या साठ जणांपैकी काहींना पूर्ण १५ डॉलरला तिकीट दिलं, काहींना १३ ला आणि काहींना अवघ्या ८ डॉलरला. सवलत कुणाला, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं होतं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेली माणसं जास्त नाटकांना आली. जास्त पैसे भरले म्हणून नाटक काही जास्त रंगत नाही! गेलेले पैसे घरी बसलं काय आणि थिएटरात बसलं काय, परत मिळणार नव्हतेच.

‘मी दोन वर्षं खेळून साठावी पातळी गाठलीय, आता कसं सोडू?’ याचा हिशेबही तोच आहे. ती दोन वर्षं खेळलात तरी गेली, सोडलंत तरी गेली. तुमच्या हातात आहे तो उद्याचा अर्धा तास. आणि पातळीचं म्हणाल, तर फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीनेच बंद केला. लोकांनी अकरा वर्षं जपलेली शेतं एका रात्रीत गेली.

मग सोडायचं कसं?

‘उद्यापासून नाही म्हणजे नाही’ अशी शपथ घेऊ नका. शपथा परवा मोडतात. त्याऐवजी आधी आठवडाभर खेळा आणि प्रत्येक वेळी खेळून झाल्यावर वहीत एकच शब्द लिहा : मजा, ठीक किंवा कंटाळा. खेळताना नाही, फोन खाली ठेवल्यावर लिहायचा. सात दिवसांनी पान समोर धरलंत की कुणी उपदेश करायची गरज उरत नाही. सगळीकडे ‘मजा’ लिहिलेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही!

‘कंटाळा’च जास्त निघाला, तर पहिलं काम म्हणजे खेळाकडून येणारे निरोप फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचे. हाक येईनाशी झाली की निम्मं काम होतं. मग ‘स्ट्रीक’ची पाळी. सलग १४० दिवस हजेरी लावलीय म्हणून १४१ व्या दिवशी जाणं भागच आहे, असं वाटत राहतं. ही साखळी चुकून तुटण्याची वाट पाहू नका. वार ठरवा आणि त्या दिवशी मुद्दाम तोडा. तुटण्याआधी जेवढी धाकधूक असते, तेवढं तुटल्यावर काहीच वाटत नाही. निदान दुसऱ्या दिवशी सकाळी तरी नाही.

तुमचा गट असेल, चार भिडू तुमच्या भरवशावर असतील, तर गुपचूप गायब होऊ नका. आपल्यावर राज्य आलं की घरी पळणारा भिडू कुणालाच आवडत नाही. ‘मी रविवारपर्यंत आहे, नंतर नाही’ असं सरळ कळवा. गटाचे प्रमुख असाल तर ते काम दुसऱ्याकडे द्या. एखादा चिडेल, एखादा चिडवेल. आणि एखादा हळूच म्हणेल, ‘मलापण सोडायचंय रे’.

मग खेळ फोनवरून काढून टाका. छातीत धस्स झालं तर एवढं लक्षात घ्या, की खेळ फोनवरून काढला म्हणून खातं पुसलं जातंच असं नाही. ईमेलशी जोडलेलं खातं बहुधा कंपनीकडे तसंच राहतं. महिनाभराने आठवणही येईनाशी झाली की खातंही पुसून टाका.

पहिला आठवडा जड जातो, विशेषतः ठरलेल्या वेळी. पाच वाजले की अंगठा शिवशिवतो. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि हाताला काहीतरी तयार असू द्या. काय, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण खेळात सुरुवातीला काय आवडलं होतं ते आठवा. मित्रांशी गप्पा आवडत असतील, तर त्यांनाच खाली खेळायला बोलवा. चाली आखायला आवडत असेल, तर बुद्धिबळाचा पट काढा. किल्ले बांधायला आवडत असेल, तर दिवाळीचा किल्ला या वर्षी जरा लवकर आखायला घ्या! मध्येच एक दिवस खेळलात, तर खेळलात. वहीत तो शब्द लिहा आणि पुढे चला.

आता आईबाबांसाठी

आपल्या मुलाला ‘व्यसन’ लागलंय, असं लगेच ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, हे खरं. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणं, खेळापुढे बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळ वाढतच जाणं, हे साधारण बारा महिने चाललेलं असावं लागतं. कंटाळत खेळणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. झोप, शाळा, जेवण यांचीच घडी विस्कटली असेल, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्या. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

चालू डावात फोन हिसकावू नका. पलीकडे खरी मुलं असतात, त्यांचाही डाव मोडतो आणि राग तुमच्यावर निघतो. ‘हा डाव कधी संपतो?’ असं विचारा आणि तेवढं थांबा. मूल स्वतःहून सोडायला निघालं असेल, तर ‘बघ, मी सांगत नव्हते?’ हे वाक्य गिळून टाका. कठीण आहे, पण गिळा. आणि पहिल्या आठवड्यात ते घरभर ‘बोअर होतंय, बोअर होतंय’ करत फिरेल, तेव्हा घाईने नव्या क्लासला नाव घालू नका.

त्यापेक्षा संध्याकाळी स्वतःचा फोनही त्याच दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पत्त्यांचा कॅट काढा. फक्त पत्ते आधी मोजून घ्या. सगळे बदाम सात खेळायला बसले आणि नेमकी बदामाची सत्तीच हरवलेली निघाली, असं बऱ्याच घरांत होतं.