कासवाचे पिल्लू घरी आणल्यावर

मत्स्यालयाच्या दुकानात रुपयाच्या नाण्याहून जरासे मोठे, हिरवेगार आणि डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेले कासवाचे पिल्लू दिसते. मुलांच्या हट्टापायी किंवा वास्तुसौख्याच्या आशेने ते घरी येते. सोबत काचेचा लहानसा वाडगा, मूठभर रंगीत खडे आणि सुकटीची डबी मिळते. पुढे काही महिन्यांतच पिल्लू मरते आणि इतका दीर्घायुषी प्राणी एवढ्यात कसा गेला, याचे घरात सर्वांना कोडे पडते. उत्तर बहुतेक वेळा त्या वाडग्यातच असते.

हे कासव 'रेड-इअर्ड स्लायडर' जातीचे. मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. पाण्यात पोहावे, मग ओंडक्यावर चढून तासन् तास ऊन खावे, हा त्याचा दिनक्रम. वाडग्यात पोहण्याजोगे पाणी नसते आणि कोरडे होण्यास जागाही नसते. म्हणून निदान दोन फूट लांबीची टाकी घ्यावी. पाणी पाठीच्या रुंदीपेक्षा खोल असावे, म्हणजे उलटे झालेले पिल्लू सहज सुलटे होते. एका बाजूस चढता येईल असा दगड किंवा फळी हवी. नळाचे पाणी दिवसभर साठवून वापरावे. पिल्लासाठी पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे. डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिककडे त्यासाठी हीटर लागतो.

सर्वांत मोठी हेळसांड होते ती उन्हाची. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे कासवाच्या शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय आहारातील कॅल्शियम हाडांत मुरत नाही. ही किरणे काच अडवते. त्यामुळे बंद खिडकीशी ठेवलेल्या टाकीत उजेड आणि ऊब पोचते, कॅल्शियमची उणीव मात्र तशीच राहते. कवच मऊ पडते, कडा वाकड्या होतात. सकाळचे कोवळे ऊन थेट मिळेल अशी सोय करावी. मात्र निम्म्या भागावर सावली असावी आणि वर जाळी असावी. गॅलरीतील कावळे आणि मांजरे यांना हे पिल्लू आयता घास वाटते. पावसाळ्यात सूर्यदर्शन दुर्लभ होते, तेव्हा अतिनील किरणांचा खास दिवा लावावा. साधा बल्ब फक्त उष्णता देतो.

नव्या घरी पिल्लू पहिले काही दिवस खात नाही. याने घाबरून त्याला वरचेवर हातात घेणे, हा प्रेमाचा अत्याचारच होय. टाकी शांत कोपऱ्यात ठेवून त्याला एकटे सोडावे. ते पाण्यातच गिळू शकते, म्हणून अन्न पाण्यातच टाकावे. रोज त्याच्या डोक्याएवढे कासवांसाठीचे तयार खाद्य पुरेसे असते. नुसत्या सुकटीवर वाढवल्यास 'अ' जीवनसत्त्व कमी पडून पापण्या सुजतात. नाकातून बुडबुडे येत असतील किंवा पिल्लू एका अंगावर कलून तरंगत असेल, तर ती श्वसनरोगाची खूण समजून पशुवैद्य गाठावा.

कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये.

दुकानदार 'स्टार' कासव देऊ करू लागल्यास ते मुळीच घेऊ नये. या भारतीय कासवास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून ते पाळणे गुन्हा आहे.

स्लायडर मादी वाढून फूटभर होते आणि वीस-तीस वर्षे जगते. तेव्हा अनेकजण पुण्याच्या भावनेने तिला गावच्या तळ्यात सोडतात. ही जात जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा शंभर परकीय आक्रमक जातींच्या यादीत आहे; तळ्यातील देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा ती बळकावते. जागा अपुरी पडू लागल्यास कासव जाणत्या पाळणाऱ्याकडे सोपवावे.